खांदा, दस्ता आणि एक इंच रबर

पाटण, जावळी किंवा शिराळ्याच्या डोंगरकडेला कुणाकडे राखणीची बंदूक असेल, तर आधी तिच्या दस्त्याचं बूड बघावं. कुठे सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून चढवलेला असतो, कुठे जुन्या स्लिपरचा तळ कापून खिळ्यांनी ठोकलेला, कुठे चामड्याचे दोन पदर दोऱ्याने शिवलेले. काही दस्त्यांना यातलं काहीच नसतं, फक्त काळी कडक पट्टी आणि तिच्यावर वर्षानुवर्षांच्या घामाची झाक. अलीकडे परवानाधारक दुकानांतून आणलेले, खांद्यावरचा दणका सौम्य करणारे विकतचे रबरी पॅडही दिसू लागले आहेत. त्यांच्यासोबत प्रश्नही आले. पॅड लावावा का, कोणता लावावा, त्यासाठी दस्ता कापावा का आणि कापायचाच तर कुणी. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नात शरीर, सुतारकी, पदार्थविज्ञान आणि कायदा अशी चार माणसं एकाच खाटेवर बसलेली असल्यामुळे त्याचं उत्तर एका वाक्यात मिळत नाही.

शिकारीकडून राखणीकडे

विषय खरं तर शिकारीच्या रायफलीचा. पण साताऱ्या-सांगलीत ती आता बहुतेक कपाटातच असते. फलटण, औंध, सांगली, मिरज, जत अशी संस्थानं याच पट्ट्यात होती आणि संस्थानी काळात शिकार हा दरबारी रिवाज होता. भारतातले अनेक संस्थानिक विलायतेतल्या कारागिरांकडून मापावर बंदुका बनवून घेत. मालकाची उंची, हाताची लांबी, मानेची ठेवण पाहून दस्ता कोरला जाई आणि त्याच्या बुडाशी विटकरी रंगाचं रबर बसवलं जाई. म्हणजे पॅड ही वस्तू नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती बंदुकीच्या जगात आहे. तेव्हा ती मापाबरोबर यायची. आज पॅड वेगळा मिळतो आणि माप मागेच राहतं. वादाचं मूळ मला तिथे दिसतं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने शौकाची शिकार संपवली. उरली ती पिकाची राखण. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख करतं. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचं मत झालं, तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. डोंगरी गावांत आज दिसणारी ठासणीची बंदूक आणि बाराबोअर सिंगल बार (एकनळी) या तरतुदीतून आल्या आहेत. चांदोली आणि कोयनेची जंगलं मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या कडेच्या गावांत गवा आणि रानडुक्कर, सागरेश्वरच्या आसपास हरणं, उसाच्या पट्ट्यात बिबट्या असा हा शेजार आहे. यातल्या कुठल्याही जनावरावर परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. गवा तर पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आलं. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत कलम ११ खाली अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. त्यामुळे इथल्या बंदुकीतून निघणारे बहुतेक बार हवेत जातात, रात्री, शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून, अर्धवट बसून किंवा झोपेतून उठून.

पॅडच्या चर्चेत ही गोष्ट सहसा सुटते. परदेशी पुस्तकांतला सल्ला दोन्ही पाय रोवून, खांदा पुढे काढून उभ्या असलेल्या माणसासाठी असतो. माळ्यावर उकिडवा बसलेला शेतकरी दस्ता खांद्याच्या खळगीत टेकवतोच असं नाही. तो कधी दंडावर टेकतो, कधी गळ्याच्या हाडावर. दणका तिथेच बसतो.

लाथ मोजायची तर

आपल्याकडे बंदूक ‘लाथ मारते’ म्हणतात. शब्द अचूक आहे. छर्रा पुढे जातो तेवढ्याच संवेगाने बंदूक मागे येते. ३२ ग्रॅम छर्रा सेकंदाला साधारण ३७५ मीटर वेगाने निघाला आणि बंदूक तीन किलोची असली, तर दारूच्या वायूंचा वाटा धरून बंदूक सेकंदाला सव्वाचार मीटरच्या आसपास वेगाने मागे येते. तिची ऊर्जा २७-२८ ज्यूल भरते. पावणेतीन किलोच्या हलक्या सिंगल बारमध्ये हाच आकडा तिशीच्या वर जातो.

आता जुनी .३०३ रायफल घेऊ. गोळी सव्वाअकरा ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७४५ मीटर, रायफल चार किलोची. मागे येणारी ऊर्जा सोळा ज्यूलच्या जवळपास. फौजेतून परतलेल्या माणसाला घरची सिंगल बार पलटणीतल्या रायफलीपेक्षा जास्त का झोंबते, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. सातारा हा फौजींचा जिल्हा. अपशिंगे मिलिटरी या एका गावाचे पहिल्या महायुद्धात ४६ जवान कामी आले. अशा मुलखात ‘आम्ही पितळी बुडाची रायफल चालवली, रबर कशाला?’ हा युक्तिवाद वजनदार ठरतो. तो खोटाही नाही. फक्त त्यात बंदुकीच्या वजनाचा हिशेब राहून जातो.

ठासणीच्या बंदुकीची तऱ्हा वेगळी. काळी दारू सावकाश जळते, म्हणून तिचा दणका ढकलल्यासारखा लागतो. पण दारूचं माप हातावर असतं. कुणी चिमूटभर जास्त ठासली की सगळा हिशेब कोलमडतो, आणि कोलमडतो तो फक्त खांद्याचाच नाही. जास्त भरलेल्या दारूवर पॅड हा इलाज नव्हे.

पॅड या गणितात नेमकं काय करतो? संवेग तो कमी करत नाही, तसं करणं त्याच्या हातात नाही. तो दोनच कामं करतो. थांबण्याचा वेळ लांबवतो आणि दणका जास्त जागेवर पसरवतो. कडक पट्टीवर बंदूक दोन-तीन मिलिमीटरच्या आत थांबत असेल आणि मऊ रबरावर दहा मिलिमीटर दबून थांबत असेल, तर खांद्यावरचा सर्वोच्च दाब बराच उतरतो. थंड देशात जाड कोट हे काम थोडंफार करतो. आपल्याकडे अंगात सुती सदरा असतो, कधी नुसती बंडी.

तीन मतं

पहिलं मत फौजी वळणाच्या लोकांचं. दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट ओढून धरा, गाल लाकडाला चिकटवा, श्वास सोडा आणि चाप दाबा. पॅडची गरज सैल धरणाऱ्याला लागते. दस्ता आणि खांदा यांत फट राहिली की बंदूक वेग घेऊन आदळते, ही गोष्ट कुणालाही पटेल. मात्र माळ्यावर, अंधारात, घाईत ही शिस्त किती पाळली जाते, याचं उत्तर या मताकडे नाही.

दुसरं मत पॅडवाल्यांचं. त्यांचा भर दुखण्यापेक्षा दचकण्यावर आहे. एकदा दणका बसलेला माणूस पुढच्या वेळी चाप दाबण्याआधीच डोळे मिटतो आणि खांदा मागे घेतो. नळी वर किंवा बाजूला जाते. शेजारी वस्ती असलेल्या माळावर हे धोक्याचं आहे. ही दचक पकडायची सोपी रीत नेमबाजीच्या मैदानावर वापरतात. सरावाच्या खोट्या काडतुसांत खरं काडतूस मिसळून दुसऱ्याने बंदूक भरून द्यायची. खोट्या काडतुसावर नळी हलली की दचक उघडी पडते. पॅडमुळे नव्या माणसाची दचक कमी होते, असा प्रशिक्षकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. जुनी, मुरलेली दचक पॅडने जाते का, यावर मात्र त्यांच्यात एकवाक्यता नाही.

तिसरं मत मला सर्वांत दुर्लक्षित वाटतं. खांदा सोडा, काडतूस बदला, असं ते म्हणतं. ऑलिंपिकच्या ट्रॅप नेमबाजीत बाराबोअरच्या काडतुसात २४ ग्रॅमच छर्रा चालतो. ३२ च्या जागी २४ ग्रॅम आणि तोच वेग धरला, तर मागे येणारी ऊर्जा जवळजवळ निम्म्यावर येते. एवढी घट कुठल्याही रबराने होत नाही. राखणीचा बार हवेतच जाणार असेल तर जड काडतूस हवं कशाला? अडचण पुरवठ्याची आहे. आपल्याकडची ओळखीची ‘शक्तिमान’ काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यातली. गावचा माणूस दुकानात जे असेल ते घेतो, आणि परवान्यावरच्या मोजक्या काडतुसांत निवड करत बसत नाही. मोठ्या छर्ऱ्यांची एलजी मिळाली तर एलजी.

रबर कोणतं

इथे फार रेंगाळण्यासारखं नाही. विकत मिळणारे पॅड ढोबळमानाने चार जातींचे. पहिला साध्या भरीव रबराचा, दणकट पण कडक. दुसरा जाळीदार, ज्याच्या कडेला खिडक्यांसारखी भोकं असतात. तो जास्त दबतो, पण भोकांत चिखल आणि उसाचं पाचट अडकतं. तिसरा मऊ, हळू उसळणाऱ्या रबराचा. अमेरिकेतल्या पाकमायर आणि लिंबसेव्हर या नावांनी तो जगभर ओळखला जातो आणि दणका शोषण्यात त्याचा हात धरणारा विरळा. चौथा मोज्यासारखा वरून चढवायचा. त्याला स्क्रू नको, कापणं नको. पण दस्त्याची लांबी तो थेट इंचाने वाढवतो.

मऊ पॅडचा एक दोष दुकानदार क्वचितच सांगतात. त्याचा पृष्ठभाग चिकट असतो. बंदूक पटकन खांद्याला नेताना तो सदऱ्यात अडकतो आणि दस्ता अर्ध्या वाटेवर थांबतो. म्हणून जाणकार पॅडची वरची कड, म्हणजे टाच, थोडी गोल करून घेतात.

दोन्ही जिल्ह्यांच्या हवेचाही इथे संबंध आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण, आटपाडी आणि जतकडे पाचशेच्या आसपास. पश्चिमेला लाकूड फुगतं आणि पॅडखालचे स्क्रू गंजतात. पूर्वेला उन्हाने रबर टणक होऊन त्याला केसासारख्या भेगा पडतात. बंदुकीचं तेल हा तिसरा शत्रू. नळी पुसून बंदूक कोपऱ्यात उभी केली की तेल उतरत दस्त्यात मुरतं, पुढे रबरात जातं आणि पॅड फुगून मऊ पडतो. नळी खाली करून ठेवण्याची जुनी सवय याच कारणाने चांगली.

लांबीचा प्रश्न

खरा वाद इथे आहे आणि माझ्या मते निम्मं उत्तरही इथेच. चापापासून दस्त्याच्या बुडाच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे दस्त्याची लांबी. बाराबोअरला १४ ते साडेचौदा इंच हे प्रचलित माप. ते मध्यम उंचीच्या, कोट घातलेल्या युरोपीय पुरुषावरून आलेलं आहे. साडेपाच फुटांच्या आतल्या, सदऱ्यातल्या माणसाला ते लांब पडतं. लांब दस्ता बगलेत अडकतो, मग माणूस तो बाहेर सरकवतो आणि दणका खांद्याच्या खळगीऐवजी दंडाच्या स्नायूवर बसतो. काळंनिळं होतं ते तिथे. दस्ता आखूड असेल तर पकडीच्या हाताचा अंगठा उसळून नाकावर आदळतो. आता लांब दस्त्यावर जो माणूस मोज्यासारखा इंचभर जाड पॅड चढवतो, तो दुखणं कमी करण्याच्या नादात दस्ता आणखी लांब करतो. पॅड बसवूनही दंड दुखतो असं कुणी म्हणालं, तर आधी लांबी मोजावी.

ही गोष्ट फौजेला शंभर वर्षांपूर्वी कळली होती. .३०३ ली-एन्फिल्डचे दस्ते चार लांब्यांत बनत. नेहमीचा, त्याहून अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड आणि एक इंच आखूड. लाकडावर एल, एस, बी अशी अक्षरं ठोकलेली असत. पितळी बुडाची रायफल सोसली जाई त्याला जवानाच्या छातीइतकंच हे अर्ध्या इंचाचं शहाणपणही कारण होतं. रबर न लावण्याचा दाखला देणारे हा भाग विसरतात. आजच्या खेळातही तेच दिसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारातल्या .२२ रायफलीला दणका नगण्य असतो, तरी दस्त्याचं बूड पुढे-मागे, वर-खाली सरकवता येईल असं बनवलेलं असतं. दुखू नये म्हणून हे केलेलं नसतं. रायफल दर वेळी त्याच जागी बसावी म्हणून असतं.

लांबी मोजायची गावठी रीत सर्वत्र एकच. रिकाम्या बंदुकीचं बूड कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचं आणि तर्जनी चापावर पोचते का पाहायचं. जाणकारांना ही रीत फारशी मान्य नाही, कारण तीत मान, छाती आणि खांद्याची रुंदी येतच नाहीत. त्यांच्या मते बंदूक खांद्याला लावून, गाल टेकवून, नाक आणि अंगठ्याच्या सांध्यात दोन बोटांचं अंतर राहतं का ते पाहावं. माझा कल दुसऱ्या रीतीकडे आहे. मात्र दुकानात बाजूला उभं राहून पाहणारा माणूस नसेल, तर कोपराची रीत काहीच नसल्यापेक्षा बरी.

लांबीबरोबर बुडाचा तिरकसपणाही येतो. बुडाचं खालचं टोक पुढे आलं तर ते छातीत रुततं. रुंद छातीच्या माणसाला आणि बायकांना हे विशेष जाणवतं. आपल्याकडे बंदूक सहसा वारशाने येते. आजोबांच्या अंगाला बसलेला दस्ता नातवाकडे जातो, कधी सुनेकडे. परवान्यावर नाव बदलतं, लाकूड तेच राहतं.

कापायचं कुणी आणि कसं

लांबी तीच ठेवून पॅड बसवायचा तर पॅड जुन्या पट्टीपेक्षा जितका जाड, तितकं लाकूड कापावं लागतं. जुनी पट्टी पाव इंचाची आणि नवा पॅड एक इंचाचा असेल, तर कापायचं पाऊण इंच. ज्यांच्याकडे जुन्या विलायती बंदुका आहेत त्यांचा याला ठाम विरोध असतो. मूळ लाकूड कापलं की बंदुकीचं मोल उतरतं, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. त्यांच्यासाठी चामड्याचा मोजा हाच सभ्य मार्ग. पण तोही लांबी वाढवतोच, म्हणून आखूड दस्त्याच्या बंदुकीलाच तो शोभतो.

कापण्याचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. कापायच्या जागी चिकटपट्टीचे दोन वेढे द्यायचे, म्हणजे लाकडाच्या कपच्या उडत नाहीत. बारीक दाताची करवत, मूळ तिरकसपणाला समांतर रेघ, आणि कापलेला पृष्ठभाग सपाट पाटीवर ताणलेल्या पॉलिश पेपरवर घासून आरशासारखा सपाट. जुनी स्क्रूची भोकं लाकडी खुंट्या डिंक लावून बुजवायची. नवी भोकं बारीक पाडायची, नाहीतर लाकूड चिरतं. पॅडच्या चिरांतून स्क्रू घालताना पेचकसाला साबणाचं पाणी लावायचं, तेल नव्हे. मग पॅडच्या मागच्या पट्टीवर दस्त्याची कड ओरखडून घ्यायची, पॅड काढायचा आणि त्या ओरखड्यापर्यंत घासायचा. मऊ रबर घासताना फाटतं, म्हणून काही कारागीर ते आधी फ्रीजरमध्ये गोठवतात. शेवटी कापलेल्या लाकडाच्या उघड्या तोंडावर व्हार्निश. ही पायरी सर्वांत जास्त वेळा विसरली जाते, आणि कोयनेच्या पावसात पाणी तिथूनच शिरतं.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की हे तर चांगल्या सुताराचं काम. या पट्ट्यात चांगल्या लाकूडकामाला तोटा नाही. मिरजेत सतार आणि तंबोरे घडवणाऱ्या घराण्यांचा धागा शिकलगारांपर्यंत, म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणाऱ्यांपर्यंत जातो. तलवारीचं काम सुटलं तेव्हा हे हात भोपळ्याकडे आणि लाकडाकडे वळले. पण बंदुकीचा दस्ता सुताराकडे न्यायला कायदा आडवा येतो. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा रूपांतर करायला त्या कामाचा परवाना लागतो. बंदूक परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात ठेवणं हा तर सरळ वेगळा गुन्हा. कायद्याच्या मजकुरात पॅडचा उल्लेख नाही. त्यामुळे मोजा चढवणं ही दुरुस्ती नाही यावर फारसं दुमत दिसत नाही. दस्ता कापून पॅड पक्का बसवणं दुरुस्ती ठरतं का, यावर मात्र मतं फाटतात. एका बाजूचं म्हणणं असं की बंदुकीचा नंबर लोखंडावर असतो, लाकूड बदलल्याने तिची ओळख बदलत नाही. दुसरी बाजू सावध आहे. तिच्या मते लांबी बदलणारं कोणतंही काम परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडेच व्हावं आणि त्याची पावती ठेवावी. निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करताना वर्णनातला फरक कुणी विचारला, तर दाखवायला कागद हवा. मला ही सावध बाजू व्यवहाराची वाटते.

जे अजून सुटलेलं नाही

चार गोष्टी उघड्याच आहेत. महिन्याला दोन बार काढणाऱ्या माणसाला पॅडचा फायदा खरोखर किती, हे कुणी मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही. नेमबाजीच्या मैदानावरचे अनुभव रोज पन्नास-शंभर काडतुसं उडवणाऱ्यांचे आहेत आणि ते माळ्यावर जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. दुसरं, आपल्याकडच्या शरीरयष्टीला धरून दस्त्याचं माप ठरवण्याचा विचार झालेला दिसत नाही. कारखाना एक माप देतो आणि शेतकरी त्याला सायकलची ट्यूब जोडतो. तिसरं, आपल्या पावसात आणि उन्हात मऊ पॅड किती वर्षं टिकतो, याचा भरवसा देणारा विक्रेता विरळा. चौथी गोष्ट रबराच्या पलीकडची. रात्रीच्या राखणीला सौरकुंपण आणि भोंगे आले, तर हवेतल्या बाराची गरज कितपत उरेल? काही गावांत ती कमी होत चालली आहे. तिथे पॅडचा वाद आपोआप थंडावेल.

तोवर ज्यांना पॅड घ्यायचाच आहे त्यांनी बंदूक रिकामी करून, परवाना सोबत घेऊन परवानाधारक दुकानातच जावं. पॅड निवडण्याआधी दस्त्याची लांबी मोजून घ्यावी आणि ती परवान्याच्या पाकिटात लिहून ठेवावी. जाताना इस्त्रीचा शर्ट नको. राखणीला जाताना अंगात असतो तोच सदरा घालून जावं.